इंद्रायणीकाठचा पंथराज

गोष्ट 1979 सालची. आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर काम करीत. आठ-आठ तास उभे राहून त्यांची कंबर धरली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितले, ‘रोज सकाळी योगा करा.’ सोबत आसनांची चित्रे असलेला एक कागद दिला. दादांनी तो घरी आणून भिंतीला चिकटवला. आई खेड तालुक्यातल्या माळकरी घरातली. तिने कागदाकडे पाहिले आणि विचारले, ‘अहो, हे माऊलींच्या सहाव्या अध्यायातलंच का?’

दादांना उत्तर देता आले नाही. मलाही पुढची बरीच वर्षे देता आले नाही. आईचा प्रश्न मात्र चुकीचा नव्हता. आळंदी, देहू, चिंचवड ही आमची गावे. आज त्यांच्या चहूबाजूंना कारखाने आहेत, पण ‘योग’ आणि ‘समाधी’ हे शब्द इथे कारखान्यांच्या कितीतरी आधी येऊन राहिले आहेत.

पतंजलींच्या योगसूत्रांत आठ अंगे सांगितली आहेत. आसन हे त्यातले तिसरे आणि समाधी हे शेवटचे. जवळजवळ दोनशे सूत्रांपैकी आसनाच्या वाट्याला तीनच आली. पतंजलींची समाधी ही चित्ताची अवस्था. आमच्याकडे मात्र समाधी म्हटले की जागा डोळ्यांपुढे येते. तिथे रांग असते, नारळ असतो. ज्ञानेश्वर महाराजांनी शके 1218 मध्ये, म्हणजे 1296 साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत संजीवन समाधी घेतली. चिंचवडला पवनाकाठी मोरया गोसावींची संजीवन समाधी आहे. ते गणपतीचे उपासक. मोरगावाशी त्यांचे नाते आणि थेऊरला त्यांनी केलेले अनुष्ठान प्रसिद्ध आहे. त्यांच्या समाधीच्या वर्षाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, पण मार्गशीर्ष वद्य षष्ठीचा उत्सव चुकत नाही. देहूला तुकोबांची समाधी नाहीच. परंपरा त्यांचे वैकुंठगमन सांगते. दोन नद्यांच्या काठची ही तीन गावे एका दिवसात बघून होतात, आणि देहाचा निरोप घेण्याच्या या दोन रीतीही.

आता सहाव्या अध्यायाकडे येऊ. गीतेचा सहावा अध्याय 47 श्लोकांचा. दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र असे आसन घालावे, मान आणि पाठ सरळ ठेवावी, नजर नासाग्री लावावी, एवढेच गीता सांगते. कुंडलिनीचे तिथे नावही नाही. ज्ञानेश्वरीत मात्र याच जागी सुमारे पाचशे ओव्यांचा अध्याय उभा राहतो. बंध कसे बांधायचे, श्वास कुठे कोंडायचा, झोपलेली शक्ती सर्पिणीसारखी वेटोळे सोडून कशी उठते, मग देहाचे काय होते, हे सारे त्यात येते. ते वाचताना अंगावर काटा येतो. या मार्गाला ज्ञानेश्वर ‘पंथराज’ म्हणतात.

हे आले कुठून? ज्ञानेश्वरांनी ते लपवलेले नाही. ही नाथांची खूण आहे, असे ते तिथेच सांगून टाकतात. अठराव्या अध्यायाच्या शेवटी ते आपली परंपराही देतात: आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि मग स्वतः. गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर उपदेश केला, अशी कथा आहे. ही विद्या गुरूने शिष्याच्या कानात सांगायची. ती 1290 साली नेवाशाला, सर्वांना समजेल अशा मराठीत, भर श्रोत्यांपुढे बोलली गेली. या घटनेकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही, असे मला वाटते.

बोलली गेली, आणि तिचे दारही उघडे ठेवले गेले. कुंडलिनीचे वर्णन ऐकून ज्ञानेश्वरीतला अर्जुन मध्येच विचारतो, की हे सगळ्यांना जमेल, की त्याला काही योग्यता लागते? श्रीकृष्णाचे उत्तर असे, की योग्यता ही काही वेगळी खाण नव्हे. काम साधले की माणूस योग्य ठरतो, थोडीशी विरक्ती असली तरी सुरुवात होते. मग तो आहार, झोप आणि बोलणे बेताचे ठेवायला सांगतो. दादांना हा भाग फार आवडे. मॅट्रिकही न झालेल्या माणसाला ‘योग्यता’ या शब्दाची भीती असतेच.

पण तेच ज्ञानेश्वर बाराव्या अध्यायात योग्यांचे कष्ट सांगतात आणि भक्ताची वाट सोपी म्हणतात. हरिपाठात तर भाव नसेल तर योगयाग ही वायफळ उठाठेव, असे स्पष्ट येते. चांगदेवांची कथा आपल्याला ठाऊकच आहे. तापीकाठचे हे मोठे योगी वाघावर बसून आळंदीला निघाले आणि भावंडे भिंतीवर बसून त्यांना सामोरी गेली. ती भिंत आळंदीत अजून दाखवतात. त्याआधी चांगदेवांनी कोरे पत्र पाठवले होते. त्याला उत्तर म्हणून 65 ओव्या लिहिल्या गेल्या. म्हणजे सिद्धींनी दिपून जायचे नाही, हे आळंदीने फार आधी ठरवले होते. यात विसंगती आहे का? मला तसे वाटत नाही. डोंगराची वाट ज्याने पायी तुडवली आहे, त्यानेच म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना सडकेने जायला सांगावे, तसे हे आहे.

आईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला लोणावळ्याला मिळाले. जुन्या मुंबई रस्त्याने गेले तर ते आमच्यापासून फार लांब नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली तिथे कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही. मूळचे ते जगन्नाथ गणेश गुणे. बंध आणि क्रिया करताना शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने तपासले. पुढे आसने रोगनिवारणासाठी दवाखान्यांत गेली, शाळांत गेली. 1937 साली बी. के. एस. अय्यंगार पुण्यात आले आणि इथूनच त्यांनी जगभर शिष्य केले. भिंतीवरचा तो कागद या कुळातला होता. तो सहाव्या अध्यायाचा दूरचा नातेवाईक खरा, पण त्याला कंबर बरी करायची होती, आणि ती त्याने पुष्कळशी बरी केलीही.

दादांचे मात्र तेवढ्यावर भागले नाही. ज्ञानेश्वर सांगतात, की साधनेला मठ असावा, नाही तर शिवालय. सुट्टीच्या दिवशी ते शेलारवाडीजवळच्या घोरावडेश्वराच्या डोंगरावर जाऊ लागले. तिथे जुनी बौद्ध लेणी आहेत आणि शंकराचे स्थान आहे. पुस्तक समोर ठेवून ते श्वास कोंडून बसत. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांना घेरी आली. कोणा गुराख्याने त्यांना पायथ्याशी आणून सोडले. नंतर आळंदीतल्या एका वृद्ध कीर्तनकारांनी त्यांना बजावले, ‘श्वासाला गुरूवाचून हात लावू नका. टाळ घ्या.’ दादांनी टाळ घेतला, पण मनातून ते खट्टू झाले. सोपी वाट आपल्याला मिळाली ती दुसरी जमली नाही म्हणून, असे ते एकदा मला म्हणाले. आईला हे कधी पटले नाही. तिच्या मते दुसरी वाट नव्हतीच.

तुकोबा भंडारा आणि भामचंद्राच्या डोंगरांवर एकांतात बसत. भामगिरीचा उल्लेख त्यांच्या गाथेत आहे. आज त्या डोंगराखाली चाकणची औद्योगिक वसाहत पसरली आहे. मोटारींचे सुटे भाग घेऊन जाणारे कंटेनर रात्रभर धावतात.

शेवटच्या आजारात दादांना वाचवत नव्हते. संध्याकाळी मी सहावा अध्याय वाचून दाखवी. कुंडलिनीच्या ओव्या आल्या की ते हाताने ‘पुढे’ म्हणून खूण करत. त्यांना हवी असायची साधनेच्या जागेचे वर्णन करणारी ओळ न ओळ: गोड फळांची दाट झाडे, निर्मळ पाणी, मंद वारा, कुठे एखादा पक्षी. राजाने पाहिली तर त्यालाही राज्य सोडून तिथेच राहावेसे वाटेल, अशी ती जागा. बाहेर रस्त्यावर शिफ्ट सुटलेली असे. ते म्हणत, ‘पुन्हा वाच,’ आणि आई उठून खिडकी लावून घेई.