विकत घेतलेले पावसाळे

पेटी उघडली की आत बेस गिटार असते. कडांवरचा रंग उडालेला. उजवा हात टेकतो तिथे खालचं उघडं लाकूड दिसतंय. पाठीवर बेल्टच्या बक्कलाचे ओरखडे, खुंट्यांवर काळसर झाक, स्क्रूंना गंज. सोबत कंपनीचं प्रमाणपत्र असतं आणि त्यानुसार ही गिटार कोरी करकरीत आहे, नुकतीच कारखान्यातून बाहेर पडलेली. तिची किंमत मात्र त्याच कंपनीच्या चकचकीत अमेरिकन बेसच्या जवळपास दुप्पट.

'हे केस काही उन्हात पांढरे नाही झाले,' असं घरातली मोठी माणसं आपल्याला ऐकवतात. इथे केस मुद्दाम उन्हात पांढरे केलेत. विकणारा ते लपवत नाही आणि घेणारा ते जाणून घेतो. या प्रकाराला 'रेलिक' म्हणतात, म्हणजे जुन्या काळाचा अवशेष. मी बेस वाजवतो आणि मला या गिटारी आवडतात. त्या का आवडतात आणि आवडताना मनात थोडी खुटखुट का राहते, हे समजून घ्यायचं तर सत्तर वर्षं मागे जावं लागतं.

बेस हे मुळात कामकऱ्याचं वाद्य. चार जाड तारा, खालचे सूर. गाणं ऐकताना तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, पण ती काढून टाका, गाण्याच्या पायाखालची जमीनच जाते. १९५१ पूर्वी हे काम डबल बेस करायचं. ते माणसापेक्षा उंच, गाडीच्या टपावर बांधून न्यायचं धूड. त्याला सतारीसारखे पडदे नाहीत, त्यामुळे सूर हातानं आणि कानानं शोधायचा. ड्रम आणि ट्रम्पेटच्या गदारोळात तो सापडला तरी ऐकू येईलच याची खात्री नाही.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडरनं यावर उपाय काढला. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण बिघडलेली वस्तू परत येते तेव्हा काय होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं लाकडाची सपाट फळी कापली, तिच्यावर पडदे असलेली लांब मान स्क्रूंनी बसवली आणि आवाजासाठी विजेचा पिकअप लावला. मान खराब झाली तर स्क्रू काढा, दुसरी बसवा. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव ठेवलं 'प्रिसिजन बेस'. १९६० मध्ये तिची धाकटी बहीण आली, 'जाझ बेस'. कपाटात जपून ठेवायच्या या वस्तू नव्हत्या. सुताराची पटाशी किंवा ड्रायव्हरचा पाना, तशी ही अवजारं होती.

त्यांच्यावरचा रंगही तसाच. नायट्रोसेल्युलोज लॅकर त्या काळात मोटारींवर मारलं जायचं. फेंडरचे निळे, लाल रंगसुद्धा मोटारींच्या रंगपत्रिकेतून उचललेले होते. हे लॅकर पातळ असतं आणि सुकल्यावरही वर्षानुवर्षं आक्रसत राहतं. खालचं लाकूड थंडी-उन्हात फुगतं, आकसतं, लॅकरला ते झेपत नाही आणि मग केसाएवढ्या बारीक भेगांचं जाळं पसरतं. डेट्रॉइटच्या हिवाळ्यात रात्रभर गाडीत गारठलेली गिटार दिव्यांनी तापलेल्या स्टेजवर न्या, हे जाळं आपोआप विणलं जातं. घाम त्यात मुरतो, धूर आणि ऊन त्याला पिवळं पाडतात. साठच्या दशकाच्या अखेरीस कंपनीनं जाड पॉलिएस्टर वापरायला सुरुवात केली. ते दशकानुदशकं काचेसारखं टिकतं. म्हणजे जुन्या बेसवरच्या खुणा नुसत्या वयाच्या नाहीत. चटकन झिजणारा रंग आणि रोज रात्री कामावर जाणारा माणूस या दोघांनी मिळून त्या केल्या आहेत.

अशा एका माणसाचं नाव जेम्स जेमरसन. डेट्रॉइटमधल्या मोटाउन कंपनीच्या घरवजा स्टुडिओत साठच्या दशकात जी गाणी तयार होऊन जगभर गेली, त्यातल्या बहुतेकांची बेस त्याची. मूळचा तो डबल बेस वाजवणारा. १९६२ ची प्रिसिजन बेस तो उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचा. तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही, कारण मळातच खरी मजा आहे असं त्याचं मत होतं. आज जगातला कुठलाही बेसवादक त्याच्या ऋणात आहे. पण तेव्हा मोटाउनच्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापली जात नसत. जेमरसनचं नाव आलं ते १९७१ मध्ये, मार्विन गेच्या अल्बमवर. १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला, तेव्हा हा माणूस स्वतः तिकीट काढून बाल्कनीत बसला होता. त्याच ऑगस्टमध्ये तो वारला. मरणाआधी थोडेच दिवस त्याची ती बेस चोरीला गेली होती.

हे तपशील देण्यामागे कारण आहे. ज्यांची नावं रेकॉर्डवर छापली गेली नाहीत, त्यांच्या कामाचा एक पुरावा त्यांच्या वाद्यावर उमटत होता. आपण 'उंबरठे झिजवले' म्हणतो तेव्हा त्या झिजेत कुणाचे तरी हेलपाटे असतात. बेसवरचा उडालेला रंग म्हणजे असेच हेलपाटे. शिवाय यातल्या बऱ्याच जणांकडे एकच बेस असायची. ती इतकी झिजली कारण दुसरी परवडत नव्हती.

या झिजेला बाजारात भाव यायला निमित्त झालं एका सौद्याचं. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीनं १ कोटी ३० लाख डॉलरला फेंडर विकत घेतली. पुढे दर्जा घसरल्याची ओरड सुरू झाली आणि वादकांच्या बोलण्यात 'सीबीएसच्या आधीची' हा शब्द शिक्क्यासारखा बसला. आधीची सगळी चांगली आणि नंतरची सगळी वाईट, असं अर्थातच नव्हतं. पण 'जुनं ते सोनं' हे एकदा बाजारानं मनावर घेतलं की ते खरोखरच सोन्याच्या भावानं विकायला लागतं. कालची अवजारं संग्राहकांच्या काचेमागे गेली. ज्यांच्याकडे अस्सल जुनी बेस होती, तेही ती विमानातून दौऱ्यावर न्यायला कचरू लागले.

१९८५ मध्ये कंपनी तिच्याच व्यवस्थापकांनी आणि कर्मचाऱ्यांनी परत विकत घेतली आणि दोन वर्षांनी खास गिटारींसाठी 'कस्टम शॉप' सुरू झालं. रेलिकच्या जन्माची जी गोष्ट सांगतात ती नेमकी बेसचीच आहे. तिथले कारागीर जे. डब्ल्यू. ब्लॅक यांनी डॉन वॉज या वादकासाठी नवी बेस बनवली. त्याला बॉनी रेटबरोबर ग्रॅमी सोहळ्यात वाजवायचं होतं आणि कोरी गिटार स्टेजवर डोळ्यांत खुपेल म्हणून त्यानं ती जुनाट दिसेल अशी करून मागितली. पुढे १९९५ च्या जानेवारीत, वाद्यविक्रेत्यांच्या मोठ्या प्रदर्शनात फेंडरनं अशा गिटारी जगासमोर मांडल्या. हे काम विन्स क्युनेटो या कारागिरानं केलं होतं. लोकांना त्या आधी खऱ्या जुन्याच वाटल्या. मग मागणीचा पूर आला.

आज हे जुनेपण मापानं मिळतं. कपाटात पडून राहिल्यासारखी, थोडी वापरलेली, भरपूर वाजवलेली, पार पिदडलेली, अशा पायऱ्या आहेत. २००९ मध्ये मेक्सिकोतल्या कारखान्यातून स्वस्तातली 'रोड वॉर्न' मालिका निघाली, तिच्यातही प्रिसिजन आणि जाझ बेस होत्या. कृती आता गुपित राहिलेली नाही. पॉलिश पेपरनं रंग घासायचा, किल्ल्यांच्या जुडग्यानं टोचे मारायचे, गारठवून किंवा ब्लेडनं लॅकरला भेगा पाडायच्या, आम्लाच्या वाफेवर धातू काळा करायचा, पांढरं प्लॅस्टिक चहा-कॉफीच्या रंगावर आणायचं. ऐकायला हे सोपं वाटतं, पण घाईत केलं की लगेच कळतं. खरी झीज हाताच्या मागे मागे जाते, नकली झीज कुठेही उगवते.

ही हौस आपल्या पिढीचीच आहे असं समजू नका. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये झाँ-बाप्तिस्त व्हियोम हा व्हायोलिन बनवणारा स्त्रादिवारीच्या नकला करायचा आणि त्यात वॉर्निशची झीजसुद्धा उतरवायचा. पागानिनीच्या १७४३ च्या लाडक्या व्हायोलिनची त्यानं अशी प्रत केली, की खुद्द पागानिनीलाही आधी दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत, अशी दंतकथा आहे. जुनं म्हणजे गोड, हा समज तेव्हापासून पक्का आहे. २०१० मध्ये इंडियानापोलिसला क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. २१ व्हायोलिनवादकांना मंद उजेडात, डोळ्यांवर गडद चष्मे चढवून तीन जुनी इटालियन आणि तीन नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. सर्वांत जास्त पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली, सर्वांत कमी एका स्त्रादिवारीला. बहुतेकांना आपल्या हातातलं वाद्य जुनं की नवं हेही सांगता आलं नाही. भरीव फळीच्या, विजेवर चालणाऱ्या बेसमध्ये तर रंगाच्या पोपड्यांनी आवाज सुधारावा असं काही कारणच दिसत नाही.

मग पैसे कशाचे? थोडे हाताचे. नव्या बेसच्या मानेवर घट्ट लॅकर असलं की घामट अंगठा तिला चिकटतो. रेलिकमध्ये मानेच्या कडा गोलवलेल्या असतात, पाठीचं लाकूड जवळपास उघडं असतं आणि हात सरकन फिरतो. यात थोतांड काही नाही. थोडे पैसे निर्भयतेचे. पहिला ओरखडा आपल्या हातून पडण्याची धास्ती आधीच कुणीतरी मिटवलेली असते. उरलेले मात्र गोष्टीचे. फोनवरच्या फोटोला आपण जुन्या फिल्मचा दाणेदारपणा लावतो, लो-फाय गाण्यांत रेकॉर्डची खरखर मुद्दाम मिसळलेली असते, दुकानातून फाटकी जीन्स आणतो. न पाहिलेल्या पावसाळ्यांची ओढ आपल्याला ओळखीची आहे.

खुटखुट इथेच आहे. जाको पास्तोरियसनं आपल्या जाझ बेसचे पडदे उपटले, खाचा बुजवल्या आणि तारांनी लाकूड खाऊ नये म्हणून त्यावर होड्यांना लावायचं एपॉक्सी चढवलं. त्या बेसनं वाद्याचा इतिहास बदलला. मग आजार, व्यसन, बेघरपण आलं. बेस फुटली, जोडली गेली आणि १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेली. पुढच्याच वर्षी एका क्लबबाहेर झालेल्या मारहाणीनंतर जाको वारला, वय ३५. बेस वीसेक वर्षांनी पुन्हा उजेडात आली. ती हरवलेली असतानाच कस्टम शॉपनं तिची रेलिक प्रत विकायला काढली होती. म्हणजे एका माणसाचे टक्केटोणपे मापून, नकाशा काढून दुसऱ्याच्या गळ्यात अडकवता येतात, आणि ते सोसायची गरज उरत नाही.

मी याला फसवणूक म्हणणार नाही. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा कुणी अशीच बेस १९६२ ची म्हणून खपवतो. व्हियोमची प्रत आज व्हियोमची म्हणूनच मोलाची आहे, आणि जाकोची प्रत घेणाऱ्या पोरानं ती जाकोवरच्या प्रेमानंच घेतलेली असते. माझी तक्रार छोटी आहे. आपण खुणा उचलतो आणि त्या करणाऱ्याचं नाव तिथेच सोडून येतो. मोटाउनच्या रेकॉर्डवर नाव नव्हतं, तसंच या झिजेखालीही नसतं. साठच्या दशकासारखी झिजलेली बेस गळ्यात घालून मिरवणाऱ्याला जेमरसन माहीत नसेल, तर त्या माणसाला दुसऱ्यांदा बाल्कनीत बसवल्यासारखं होतं.

एक गंमत मात्र उरते. रेलिकवरही तेच पातळ लॅकर असतं, त्यामुळे ती पुढेही झिजतच राहते. ती रोज वाजली तर वीस वर्षांनी कारखान्यातला चरा कोणता आणि वाजवणाऱ्याचा कोणता, हे सांगणं अवघड होईल. खोट्या खुणा हळूहळू खऱ्यांच्या खाली बुडतील. कपाटात राहिली, तर ती पहिल्या दिवशी होती तेवढीच म्हातारी राहील.