ओवी आणि हाक

आमच्या मंठाळच्या तालुक्याचे ठाणे बसवकल्याण म्हणजेच चालुक्यांची राजधानी कल्याण. तेथील नृपती तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. त्या एका नोंदीने ओवीला इतिहास लाभला. त्याच नगरीचे दगड ओढणाऱ्यांच्या हाकेला मात्र असे भाग्य लाभले नाही.

दोहोंचे कार्य भिन्न आहे. कांडणात मुसळ एका लयीने पडत राहते. तेथे गाणे हीच आज्ञा. चिखलात रुतलेली गाडी किंवा जड शिळा हलवावयाची, तर सर्वांचा जोर एकाच क्षणी लागावा लागतो. म्हणून हाकेचे दोन भाग पडतात. 'जोर लगाके' हे एकजण लांबवून म्हणतो. तेवढ्यात पाय रोवले जातात, श्वास भरला जातो. 'हैशा' सर्वांच्या मुखातून तुटक निघते आणि त्याच क्षणी हिसका बसतो. शाळेच्या कवायतीतही अशीच रचना आढळते: 'डावीकडे' ही सूचना, 'वळ' ही कृती. परंतु कवायतीत आज्ञा संपूर्ण एकाची असते; येथे तिचा अखेरचा शब्द श्रम करणारेच उच्चारतात.

या व्यवहाराला एक अलिखित नियम आहे. ओढण्याची हाक एकानेच द्यावी. 'थांबा' मात्र कोणीही म्हणावे, आणि ते सर्वांनी पाळावे. बालपणी आम्ही पाहिले आहे की, दोघांनी एकदम हाक दिली, जोर विभागला आणि शिळा मागे घसरली. पहार धरलेल्या माणसाचा पाय थोडक्यात वाचला.

1948 साली निजामी राजवट संपली; 1956 साली बीदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. दप्तराची भाषा बदलली. दोरावर मात्र मराठी आणि कन्नड बोलणारे हात एकत्रच राहिले. 'जोर लगाके' हे शब्द हिंदुस्थानी. 'हैशा'ला तर कोशातला अर्थच नाही. म्हणूनच ती कोणाला परकी वाटली नाही.

जर्मन पंडित कार्ल ब्यूखर याने 1896 साली श्रम आणि लय यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपल्याकडे ओव्यांचे संग्रह झाले. हाक निरर्थक म्हणून मागे राहिली. आता शिळा यंत्र उचलते. शिक्षकबंधूंनी गावातील वृद्धांकडून ही हाक प्रत्यक्ष देववून तिचे ध्वनिमुद्रण करावे. कागदावर तिची अक्षरे उरतील. ती कोठे लांबते आणि कोठे तुटते, हे उरणार नाही. आणि तिचा सारा अर्थ तर तेथेच आहे.