जलद मार्गाचे मोल : नॉर्वेच्या किनारी आगबोटीचे तिकीट नेमके कशाचे?

१/१५
बर्गेनहून निघून नॉर्वेच्या किनाऱ्याने थेट रशियाच्या सीमेजवळील किर्केनेसपर्यंत जायचे आणि परतायचे : बारा दिवस, सुमारे २,५०० सागरी मैल. ही सफर स्वस्त नाही. जहाज त्या मानाने लहान, त्यावर ना जुगारघर, ना नाट्यगृह. मग एवढे पैसे कशासाठी मोजावेत? या प्रश्नाचे उत्तर शोधताना १८९३ सालापर्यंत मागे जावे लागते.

२/१५
एकोणिसाव्या शतकातील उत्तर नॉर्वे म्हणजे डोंगर, खाड्या आणि हजारो बेटे. रेल्वे नाही, सलग रस्ता नाही. मासळीवर जगणाऱ्या या किनाऱ्याला दक्षिणेतील बाजारभाव कळायचा तोही पत्राने. हिवाळ्यात ट्रॉन्हेमहून हॅमरफेस्टला पत्र पोहोचण्यास महिनेच्या महिने लागत. भाव कळेपर्यंत सौदा होऊन गेलेला असे.

३/१५
अडथळा बर्फाचा नव्हता. अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे हा किनारा ध्रुववृत्ताच्या उत्तरेलाही गोठत नाही. खरा शत्रू होता अंधार. हॅमरफेस्टला हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य क्षितिजावर येत नाही. ट्रॉन्हेमच्या उत्तरेला त्या काळी अवघी २८ दीपगृहे होती आणि सागरी नकाशे जेमतेम दोन.

४/१५
आगबोट वाहतुकीचे सरकारी सल्लागार ऑगस्ट ग्रान यांनी १८९१ मध्ये वर्षभर चालणाऱ्या जलद टपाल मार्गाची कल्पना मांडली. बर्गेन आणि ट्रॉन्हेम येथील दोन बड्या कंपन्यांनी नकार दिला. काळोखात, खडकांच्या जंजाळातून वेळापत्रकाप्रमाणे बोट हाकणे त्यांना अशक्य वाटले. त्यांच्या हिशेबात या प्रवासाची जोखीम मोबदल्यापेक्षा मोठी होती.

५/१५
होकार आला तो स्टॉकमार्कनेस या लहानशा गावातून. तेथील ‘वेस्टेरॉलन’ आगबोट कंपनीचे संस्थापक कप्तान रिचर्ड विथ आणि त्यांचे वाटाडे आन्डेर्स होल्टे यांनी अनेक वर्षे स्वतःच्या टिपणवह्या राखल्या होत्या. कोणत्या दिशेने, किती वेगाने, किती मिनिटे जायचे आणि मग कोठे वळायचे, हे सारे त्यांत नोंदलेले असे.

६/१५
या टिपणांचे महत्त्व असे की काहीही दिसत नसताना होकायंत्र आणि घड्याळ या दोहोंच्या आधारे बोट खडकांमधून काढता येई. डोळ्यांचे काम गणिताने करायचे. मे १८९३ मध्ये सरकारने विथ यांच्या कंपनीशी करार केला : आठवड्याला एक फेरी, उन्हाळ्यात हॅमरफेस्टपर्यंत, हिवाळ्यात ट्रॉम्सोपर्यंत. बदल्यात सरकारी अनुदान.

७/१५
२ जुलै १८९३ रोजी सकाळी ‘वेस्टेरॉलन’ ही आगबोट ट्रॉन्हेमच्या धक्क्यावरून सुटली. वाटेतील बंदरे घेत ती ५ जुलैच्या पहाटे हॅमरफेस्टला पोहोचली : सुमारे ६७ तासांत. मार्गाचे नावच ‘हुर्टिगरुटेन’, म्हणजे ‘जलद मार्ग’. पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, आधी नकार देणाऱ्या दोन्ही कंपन्या या मार्गावर सामील झाल्या. १८९८ पासून बोटी बर्गेनहून सुटू लागल्या.

८/१५
येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की ‘हा प्रवास पैसे मोजण्याजोगा आहे का’ हा प्रश्न सर्वप्रथम राज्यसंस्थेने स्वतःला विचारला होता. तिकिटाच्या पैशांतून हिवाळी फेरीचा खर्च निघणारा नव्हता. तरीही टपाल, मासळी, औषध आणि माणूस वेळेवर पोहोचणे ही सार्वजनिक गरज आहे, असे मानून उरलेली किंमत देशाने उचलली.

९/१५
याच विथ यांनी दुसरा प्रयोगही केला. १८९६ मध्ये त्यांनी हॅमरफेस्टहून आर्क्टिकमधील स्पिट्सबर्गनपर्यंत उन्हाळी पर्यटन मार्ग सुरू केला आणि तेथील आडव्हेंटफियोर्डच्या काठी हॉटेलही उभारले. कप्तान तोच, कंपनी तीच, निसर्ग अधिकच अद्‌भुत. तरी हा उद्योग काही हंगामांतच आटोपला. ते ठिकाण मात्र आजही ‘हॉटेलनेसेट’ म्हणजे ‘हॉटेलचे टोक’ म्हणून ओळखले जाते.

१०/१५
दोन प्रयोगांतील भेद बोलका आहे. स्पिट्सबर्गनला जाणाऱ्या बोटीची वाट पाहणारे गाव नव्हते. तिच्याकडे विकण्यासाठी केवळ देखावा होता आणि हंगाम काही आठवड्यांचा. किनारी बोटीची मात्र प्रत्येक धक्क्यावर कोणीतरी वाट पाहत होते. पर्यटक तिच्यावरही चढत, पण ती त्यांच्यासाठी निघालेली नसे.

११/१५
या गरजेची सर्वांत मोठी किंमत युद्धकाळात मोजली गेली. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. रस्ता नसल्याने लोकांना बोटीवाचून गत्यंतर नव्हते. आणि तेच पाणी जर्मन रसदीचेही होते. सप्टेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश पाणबुडीने ‘रिचर्ड विथ’ ही बोट बुडवली; सुमारे शंभर जण गेले. ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत पाणबुडीने पहिली बोट ‘वेस्टेरॉलन’ बुडवली.

१२/१५
म्हणजे या मार्गाचा जनक ज्या नावाने स्मरणात होता ती बोट आणि ज्या बोटीने मार्ग उघडला ती, दोन्ही अवघ्या पाच आठवड्यांत तळाशी गेल्या. त्याही नॉर्वेच्या मित्रपक्षांच्या हातून. त्यांवरील बहुतेक प्रवासी सफरीला निघालेले नव्हते. जवळच्या गावी, कामावर किंवा घरी जाणारी ती सामान्य माणसे होती.

१३/१५
शांततेनंतर नव्या बोटी आल्या, पण स्पर्धकही आले. १९६२ मध्ये रेल्वे बोडोपर्यंत पोहोचली; १९६८ पासून उत्तरेत आखूड धावपट्ट्यांचे विमानतळ सुरू झाले; रस्ते सुधारले. स्थानिक प्रवासी घटले आणि अनुदानावर वाद रंगले. १९९३ पासून अधिक खोल्यांची, मोठ्या दालनांची जहाजे आली. आता खोलीचे भाडे पर्यटक देणार होता आणि बोट चालू राहणार होती.

१४/१५
आजही हा मार्ग सरकारी कराराने बांधलेला आहे. ११ जहाजे, ३४ बंदरे. २०२१ पासून हुर्टिगरुटेनसोबत ‘हाविला’ ही कंपनीही त्यावर जहाजे चालवते. एकाच जहाजावर दोन प्रकारची तिकिटे असतात : खोली व भोजनासह पूर्ण फेरीचे, आणि या बंदरातून त्या बंदरात जाणाऱ्या माणसाचे काही तासांचे. मध्यरात्री जहाज एखाद्या गावी थांबते, खोके उतरतात, दोन माणसे चढतात, जहाज निघते.

१५/१५
निर्णय याच ठिकाणी होतो. करमणूक, ऊन आणि बंदरात निवांत दिवसभर हवा असेल, तर ही सफर महाग आहे. अनेक बंदरांत थांबा जेमतेम अर्ध्या तासाचा असतो आणि वेळापत्रक प्रवाशाच्या हौसेसाठी बदलत नाही. मात्र ज्याला किनाऱ्याचे जगणे पाहायचे आहे, त्याला तोच अर्ध्या तासाचा थांबा मोलाचा वाटेल. आणि पूर्ण फेरी परवडत नसेल, तर ट्रॉन्हेम ते बोडो हा एका दिवसाचा टप्पाही त्याच पाण्यातून जातो, जेथून १८९३ मध्ये ‘वेस्टेरॉलन’ गेली होती.