ठाणे नावाचं बेट: मीठ, खाडी आणि फ्लेमिंगो

कल्याण-डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडणाऱ्यांनो, तुम्ही रोज सकाळी एका बेटावर जाता, माहितीये? कळवा मागे पडलं, की पुलाखाली ठाण्याची खाडी लागते. तिच्या पलीकडे साष्टी बेट. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र.

या बेटासाठी मारामाऱ्या झाल्यात. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं पोर्तुगीजांकडून घेतलं. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी स्वतःकडेच ठेवली. त्या किल्ल्यात आज कारागृह आहे.

पण मला लढायांपेक्षा मीठ महत्त्वाचं वाटतं. उधाणाचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, उन्हात आटवत पुढच्या वाफ्यात सोडायचं, मीठ धरलं की ओढून ढीग घालायचे. सगळं पावसाच्या आत! हे काम आगरी समाजाचं. नावातच 'आगर' आहे असं म्हणतात. कोपरीच्या मीठबंदरात आता मिठाचं फक्त नाव उरलंय.

मीठ आणि फ्लेमिंगो ही जोडी जगात इतरत्रही दिसते. कॅरिबियन समुद्रात नेदरलँड्सच्या ताब्यातलं बोनेर नावाचं छोटं बेट आहे. तिथे गुलामांकडून मीठ काढून घेतलं जायचं; १८६३ साली गुलामगिरी संपली, त्यांच्या बुटक्या दगडी खोल्या मात्र अजून किनाऱ्यावर उभ्या आहेत. तिथली मिठागरं आजही चालू आहेत आणि त्यांच्यातच फ्लेमिंगोंसाठी जागा राखलीये. पक्षी तिथेच अंडी घालतात.

आपल्याकडे ते फक्त खायला येतात, तेही १९९० च्या दशकापासून मोठ्या संख्येने. खातात काय? शेवाळ! आणि हे शेवाळ पोसतं आपल्याच शहरांच्या सांडपाण्यावर. म्हणजे ज्या घाणीने कोळ्यांची मासळी कमी झाली, तिच्यावरच आपले गुलाबी पाहुणे जगतात. फोटो टाकताना हे कोण सांगतं?

२०१५ साली खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर दर्जाही मिळाला. मिठागरांच्या वाट्याला असं काही आलं नाही. २०२४ मध्ये कांजूर, भांडुप, मुलुंडकडची २५५.९ एकर मिठागरांची जमीन धारावी प्रकल्पातल्या घरांसाठी घ्यायला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. घरं हवीतच, पण उधाणाचं पाणी मुरायला जागाही हवी ना?

भरतीला चिखल बुडतो, तेव्हा हे पक्षी आसपासच्या पाणथळ जागांत जाऊन थांबतात. त्या सगळ्या जागा अभयारण्याच्या हद्दीत नाहीत.