कृत्रिम दंतमुळाभोवतीची हिरडी : एका मापाचा इतिहास

शस्त्रक्रियेच्या इतिहासात एखादी क्रिया रूढ झाली की तिच्या मुळाशी असलेला पुरावा हळूहळू विस्मृतीत जातो आणि तिचे माप तेवढे व्यवहारात उरते. जबड्यात बसविलेल्या कृत्रिम दंतमुळाभोवतीची हिरडी शस्त्रक्रियेने सुधारण्याची प्रथा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. या क्षेत्रात ‘दोन मिलिमीटर’ हे माप वारंवार आढळते. परंतु ते कशाचे माप, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

१९५२ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे ब्रोनेमार्क सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत असता टायटॅनियम हाडाशी एकजीव होत असल्याचे त्यांना आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रोग्याच्या जबड्यात टायटॅनियमची दंतमुळे बसविली. आरंभीच्या काळात हाड धातूला धरून राहील की नाही, हीच मुख्य चिंता होती. हिरडीचा विचार गौण होता.

हिरडीचे कलम मात्र याच सुमारास, परंतु नैसर्गिक दातांसाठी, विकसित होत होते. १९६३ मध्ये स्वीडनमध्येच ब्यॉर्न यांनी हिरडीच्या मुक्त कलमाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६८ मध्ये अमेरिकेत सलिव्हन व ॲटकिन्स यांनी टाळूवरील आवरणाचा पातळ तुकडा काढून तो दाताजवळ बसविण्याची पद्धती सविस्तर मांडली. या क्रियेने घट्ट हिरडीची रुंदी वाढते. किती रुंदी पुरेशी, याचे उत्तर लांग व लो यांनी १९७२ मध्ये दिले. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांची तपासणी करून, दोन मिलिमीटरहून कमी रुंदी असलेल्या ठिकाणी दात स्वच्छ असतानाही दाह टिकून राहतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे १९८३ मध्ये वेनस्ट्रॉम व लिंडे यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांत या निष्कर्षाला दुजोरा मिळाला नाही. तथापि माप रूढ झाले ते झालेच, आणि कालांतराने ते कृत्रिम दंतमुळांनाही लागू करण्यात आले.

दात आणि दंतमूळ यांत मूलभूत भेद आहे, हे १९९१ मध्ये बेर्ग्लुंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. टायटॅनियमच्या पृष्ठभागाशी ते समांतर जातात, त्यात रुतत नाहीत. म्हणजेच दातासंबंधीचा नियम येथे जसाच्या तसा आणणे सयुक्तिक नव्हते. १९९६ मध्ये बेर्ग्लुंड व लिंडे यांनी कुत्र्यांमध्ये हिरडी पातळ करून पाहिली. तिची जाडी दोन मिलिमीटर वा त्याहून कमी ठेवली असता आवश्यक तेवढा मृदू थर तयार होताना हाड झिजते, असे त्यांना आढळले. २००९ मध्ये लिंकेविचियुस व सहकाऱ्यांना मनुष्यांतही अशीच प्रवृत्ती दिसली.

अशा रीतीने दोन मिलिमीटर हे माप दुसऱ्यांदा अवतरले. परंतु आता ते रुंदीचे नव्हते, जाडीचे होते. त्याला अनुरूप शस्त्रक्रियाही निराळी होती. लँगर व कलान्या यांनी १९८० मध्ये दात गेलेल्या जागची खोलगट कड भरण्यासाठी, तर लँगर व लँगर यांनी १९८५ मध्ये उघडी पडलेली दंतमुळे झाकण्यासाठी, टाळूच्या पृष्ठभागाखालील संयोजी ऊतक काढून ते हिरडीच्या थराखाली ठेवण्याची पद्धती मांडली होती. जाडी वाढविण्यास ती उपयुक्त ठरली.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. टाळूवरून घेतलेल्या प्रत्येक कलमासाठी रोग्याला तेथे दुसरी जखम करावी लागते. रुंदी कमी असलेल्या ठिकाणी जाडीसाठी केलेले कलम, किंवा याउलट, ही जखम निष्कारण ठरवू शकते.

२०१७ मध्ये अमेरिकन व युरोपीय परिदंतशास्त्रज्ञांच्या संयुक्त परिषदेने घट्ट हिरडीच्या रुंदीविषयी संयमित भूमिका घेतली. दीर्घकालीन आरोग्यावरील तिच्या परिणामाचा पुरावा संदिग्ध आहे. मात्र रोग्याचा आराम व स्वच्छतेची सुलभता या बाबतींत ती हितकर दिसते, असे त्या परिषदेचे मत पडले. यावरून असे म्हणता येईल की, रुंदीसाठी कलम करण्याचे समर्थन मापाच्या आधारे न करता रोग्याच्या तक्रारीच्या आधारे करणे अधिक युक्त होय. घासताना दुखते म्हणून जो रोगी त्या जागी ब्रश फिरवीत नाही, त्याच्या बाबतीत कलमाला निश्चित प्रयोजन आहे. जाडीचा प्रश्न याहून भिन्न असून त्याचा पुरावाही स्वतंत्रपणेच तपासला पाहिजे.