दोन मागण्या, एक अध्यक्ष : १९६० सालच्या अमेरिकन तरुणांविषयी

सत्तेवर नवा माणूस येऊ घातला की तरुण त्याच्यापुढे आपले प्रश्न मांडतात, ही लोकशाहीतील नित्याची गोष्ट आहे. त्या मागण्यांपैकी कोणती तत्काळ ऐकली गेली, कोणती ताटकळत राहिली आणि तसे का झाले, हा प्रश्न मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक खोलात नेतो. या दृष्टीने १९६० साल विलक्षण बोलके आहे. त्या वर्षी अमेरिकेतील दोन विद्यार्थिसमूहांनी भावी अध्यक्षाला उद्देशून आपले म्हणणे मांडले. मतदानाचे वय तेव्हा बहुतेक राज्यांत २१ होते. ते देशभर १८ वर येण्यास १९७१ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्याच्याकडे मागायचे, त्याला निवडण्याचा अधिकार या मुलांपैकी अनेकांना नव्हता. त्यांच्यापाशी होते ते फक्त शब्द आणि स्वतःची शरीरे.

पहिली कथा मिशिगन विद्यापीठाची. १४ ऑक्टोबर १९६० रोजी रात्री दोनच्या सुमारास जॉन केनेडी अ‍ॅन आर्बर येथे पोहोचले, तेव्हा हजारो विद्यार्थी त्यांची वाट पाहत उभे होते. जेमतेम काही मिनिटांच्या भाषणात त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले, की डॉक्टर होऊ घातलेल्या तुमच्यापैकी कितीजण घानामध्ये काही काळ घालवण्यास तयार आहेत? प्रश्न उत्स्फूर्त होता. त्याचे उत्तर अ‍ॅलन व ज्यूडिथ गस्किन या विद्यार्थी दांपत्याने मनावर घेतले. विद्यापीठाच्या दैनिकात पत्र, मग सभा, मग सह्यांची मोहीम असे करीत सुमारे हजार सह्यांचे निवेदन तयार झाले. २ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्को येथील भाषणात केनेडींनी ‘पीस कोअर’ची कल्पना जाहीर केली आणि काही दिवसांतच ओहायोतील टोलेडो येथे विद्यार्थ्यांनी त्यांना ते निवेदन दाखवले. कल्पना केवळ विद्यार्थ्यांची नव्हती. सेनेटर ह्यूबर्ट हम्फ्री यांनी तसे विधेयक आधीच मांडले होते. मात्र कल्पनेमागे माणसे उभी आहेत, हा पुरावा त्या सह्यांनी दिला. केनेडींचा शपथविधी २० जानेवारी १९६१ रोजी झाला आणि १ मार्चला आदेश निघाला. चाळीस दिवसांत मागणी पुरी! पुढे या संस्थेचे स्वयंसेवक भारतातही आले. १९६६ मध्ये मुंबईजवळच्या विक्रोळीत सेवेला आलेल्या लिलियन कार्टर तेव्हा ६८ वर्षांच्या होत्या. तरुणांनी उघडून घेतलेल्या दारातून एका आजीने आत यावे, आणि पुढे १९७७ मध्ये तिचाच मुलगा अध्यक्ष व्हावा, ही इतिहासाची लहानशी गंमत.

दुसरी कथा दक्षिणेकडील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहाच्या काउंटरवर जाऊन बसले, आणि ही ठिय्या चळवळ पाहता पाहता दक्षिणभर पसरली. ९ मार्चला अटलांटाच्या सहा शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांनी मानवी हक्कांचे आवाहन वृत्तपत्रांत पानभर जाहिरात देऊन प्रसिद्ध केले. शिक्षण, नोकऱ्या, घरे, मतदान, रुग्णालये, चित्रपटगृहे-उपाहारगृहे आणि पोलिसी व्यवस्था अशा सात क्षेत्रांतील अन्याय त्यात एकेक करून नोंदवलेला आहे. निवडणुकीला तीन आठवडे उरले असताना, १९ ऑक्टोबरला, याच विद्यार्थ्यांबरोबर मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली आणि दोन्ही उमेदवारांना हा प्रश्न टाळणे अवघड झाले.

या चळवळीचा एक धागा नागपूरपर्यंत येतो. जेम्स लॉसन हे तरुण मेथडिस्ट १९५३ पासून सुमारे तीन वर्षे तेथील हिस्लॉप कॉलेजात होते. तेथेच त्यांनी गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला आणि तेथेच माँटगोमेरीतील बस-बहिष्काराची बातमी वाचली. परतल्यावर नॅशव्हिलमध्ये त्यांनी अहिंसक प्रतिकाराचे जे वर्ग घेतले, त्यांतून डायन नॅश आणि जॉन लुईस यांच्यासारखे कार्यकर्ते घडले.

या दुसऱ्या मागणीचे काय झाले? सरकारी साहाय्याच्या घरांतील भेदभाव लेखणीच्या एका फटकाऱ्याने संपवता येईल, असे केनेडी प्रचारात म्हणाले होते. तो फटकारा २० नोव्हेंबर १९६२ पर्यंत लांबला. दरम्यान लोकांनी व्हाइट हाउसला टपालाने लेखण्या पाठवल्या! दक्षिणेतील डेमोक्रॅट सेनेटरांची मते दुखावण्याची अध्यक्षांची तयारी नव्हती. १९६१ च्या मे महिन्यात विद्यार्थी बसमधून ‘फ्रीडम राइड’ला निघाले, त्यांना मारहाण झाली, तेव्हा सरकारने काही काळ थांबण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही.

२२ सप्टेंबर १९६१ ही तारीख या संदर्भात मनात ठेवण्याजोगी आहे. त्या दिवशी पीस कोअरच्या कायद्यावर केनेडींची सही झाली; आणि त्याच दिवशी आंतरराज्य वाहतूक आयोगाने बसगाड्या व स्थानकांतील वर्णभेदाला मनाई करणारा आदेश काढला. एका मागणीची किंमत हजार सह्या, दुसरीची जळालेली बस आणि मिसिसिपीतील तुरुंगवास.

हा फरक मागणीच्या व्याकरणात आहे, असे मला वाटते. मिशिगनचे विद्यार्थी म्हणत होते, ‘आम्ही देऊ इच्छितो, आम्हांला संधी द्या.’ अटलांटाचे म्हणत होते, ‘आमचे आहे, ते आम्हांला द्या.’ पहिल्या वाक्यात सत्तेचे काही जात नाही, उलट तिची शोभा वाढते. दुसऱ्यात कोणाला तरी आपला कब्जा सोडावा लागतो. अर्ज-विनंत्यांच्या राजकारणाला आपल्याकडील जहालांनी ‘भिक्षांदेही’ म्हणून हिणवले होते. तो शब्द मिशिगनच्या मुलांना लावणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यांनी आयुष्यातील दोन वर्षे देऊ केली होती. पण ज्याचा हक्क नाकारला गेला आहे, त्याला केवळ अर्ज का पुरत नाही, हे जहालांच्या उपहासातून नेमके कळते.

२८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चातील जॉन लुईस यांचे भाषण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मसुद्यासह वाचावे असे आहे. २३ वर्षांच्या लुईसनी ‘धीर’ या शब्दालाच अमंगळ ठरवले होते. त्यावर आर्चबिशप ओबॉयल यांनी आक्षेप घेतला. अखेर ७४ वर्षांच्या ए. फिलिप रँडॉल्फ यांनी गळ घातली, तेव्हा लुईसनी शब्द सौम्य केले. १९४१ पासून अशा मोर्चाचे स्वप्न पाहणाऱ्या म्हाताऱ्याची विनंती तरुणाला मोडवली नाही. आम्हांला धीर धरता येत नाही, हा आशय मात्र व्यासपीठावरही तसाच राहिला.

नागरी हक्कांच्या कायद्यावर सही झाली २ जुलै १९६४ रोजी. ती करणारे अध्यक्ष लिंडन जॉन्सन होते. अटलांटाच्या आवाहनाला तोवर चार वर्षे उलटून गेली होती, आणि ज्या अध्यक्षाकडून उत्तराची अपेक्षा होती, तो हयात नव्हता.