उपग्रहाच्या वहीत आपले वारजे

आपल्या सोसायटीची नोंदणी २००० सालची. त्याआधी या जागेवर काय होते, असे नव्या पिढीला विचारले तर "बिल्डरचा प्लॉट होता" एवढेच उत्तर मिळते. जुने वारजेकर सांगतात, इथे ज्वारी व्हायची. जमिनीचा इतिहास सातबाऱ्यावर असतोच, पण याच जमिनीची आणखी एक नोंदवही आहे. ती कुणा तलाठ्याने लिहिलेली नाही, उपग्रहांनी लिहिली आहे. रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने सभासदांना तिची ओळख करून द्यावी, म्हणून हा लेख.

अमेरिकेने २३ जुलै १९७२ रोजी लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. पण वरून जमीन वाचण्याचा प्रयोग आपल्या देशात त्याआधीच झाला होता, आणि त्या गोष्टीचे एक टोक पुण्यात आहे. पाषाणला आज जी उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे ती १९६२ साली स्थापन झाली, आणि प्रा. पी. आर. पिशारोटी हे तिचे पहिले संचालक. त्यांनी पुढे १९७० च्या सुमारास केरळात हेलिकॉप्टरमधून नारळाच्या बागांची छायाचित्रे अवरक्त फिल्मवर घेतली. रोग लागलेले माड त्या फिल्मवर वेगळे उठून दिसले. मग १९७९ मध्ये भास्कर-१ गेला आणि १७ मार्च १९८८ रोजी आपला आयआरएस-१ए.

यामागचे तत्त्व सोपे आहे. निरोगी पान सूर्यप्रकाशातला लाल भाग शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त भाग मोठ्या प्रमाणात परत फेकते. सिमेंट आणि डांबर तसे करत नाहीत. या फरकावरून झाड कुठे आणि छप्पर कुठे, हे कळते. दुसरे एक उपकरण पृष्ठभागाची उष्णता टिपते.

या कामातला खरा मानकरी लँडसॅट-५. १९८४ साली सोडला तेव्हा त्याचे आयुष्य तीन वर्षे धरले होते, आणि तो चालला २०१३ पर्यंत! आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, तीन वर्षांच्या मुदत ठेवीने २९ वर्षे व्याज दिले. २००८ पासून ही सगळी चित्रे फुकट खुली झाली आणि आपल्यासारख्यांनाही घरबसल्या पाहता येऊ लागली.

आपल्याच एका तरुण सभासदाने ती मला संगणकावर काढून दाखवली. या चित्रांत हिरवाई लाल रंगात दाखवण्याची पद्धत आहे. जुन्या चित्रात मुठेच्या काठाची शेते लाल दिसतात. १९९७ साली वारजे महापालिकेत आले. नंतरच्या चित्रांत बाह्यवळण महामार्गाच्या दोन्ही बाजूंनी राखाडी रंग पसरत जातो. १९९१ मध्ये पुणे महापालिकेची लोकसंख्या १५.६७ लाख होती, ती २०११ मध्ये ३१.२४ लाख झाली. हद्द वाढली हे खरे, पण माणसे आली हेही खरे, आणि त्यांत आपणही आलोच! पलीकडे एनडीएचे रान मात्र इतक्या वर्षांत बव्हंशी तसेच राहिले आहे.

आता उष्णतेचे पाहू. इथे घाई करू नये. लँडसॅट आपल्यावरून सकाळी दहाच्या सुमारास जातो आणि तो हवेचे नव्हे, पृष्ठभागाचे तापमान मोजतो. एप्रिलमधल्या सकाळी शहराबाहेरचे उघडे माळरान झाडीच्या वस्तीपेक्षाही तापलेले दिसू शकते. त्यावरून "शहर थंड आहे" असे म्हटले तर फसगत होईल. हिशेब रात्री उलटतो. माळरान लवकर निवते, पण भिंती आणि रस्ते दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर सोडत राहतात. म्हणून रात्रीच्या नोंदीही पाहाव्या लागतात. पंखा लावूनही मध्यरात्री घाम येतो, त्याचे एक कारण हे आहे.

लँडसॅट-५ च्या नकाशाचा एक चौकोन ३० मीटर बाजूचा, म्हणजे ९०० चौरस मीटरचा. आपला भूखंड सुमारे ४,५०० चौरस मीटर, म्हणजे उपग्रहाच्या लेखी आपण अवघे पाच चौकोन. उष्णता मोजणारा चौकोन तर १२० मीटर बाजूचा. त्यात आपल्याबरोबर शेजारच्या सोसायट्याही येतात. थोडक्यात, हे संयुक्त खाते आहे. एकाने झाड तोडले तरी खर्च सगळ्यांच्या नावे पडतो, आणि एकाने राखले तर जमाही सगळ्यांची.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण आहे. येत्या सर्वसाधारण सभेपुढे मागच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक घालून पार्किंग करण्याचा विषय आहे. गाड्यांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण ती जागा म्हणजे आपल्या पाचांतला जवळजवळ एक चौकोन आहे. तिथली जांभळे आणि कडुनिंब आपणच पहिल्या दोन पावसाळ्यांत लावले. गाड्यांना जागा देताना झाडांभोवतीची माती उघडी ठेवता येते, आणि चाकांपुरतेच ब्लॉक घालून मध्ये गवत राखता येते. ठराव मांडताना एवढा पर्याय सभेपुढे यावा, ही विनंती.

निर्णय सभासदांचा. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी कुणीतरी ही वही पुन्हा उघडेल, तेव्हा आपला ठराव त्याला इतिवृत्तात शोधावा लागणार नाही, नकाशावरच दिसेल.